पाठकोऱ्या कागदावरचे रविवार

मी पत्रकं लिहिते. पत्रकात माणसं नसतात, मागण्या असतात. वर ठळक मथळा, खाली मुद्दे, शेवटी वार, वेळ आणि जमण्याची जागा. सहा वर्षं हेच लिहून हाताला अशी खोड लागली आहे की कोणाबद्दल चांगलं लिहायला बसले तरी पहिला शब्द 'निषेध' येतो. शेळकेसाहेबांच्या बाबतीत तो शब्द चालत नाही. त्यांनी कशाचा निषेध केल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि नेमक्या याच गोष्टीचा मला दीड वर्ष राग होता.

मागणी मात्र त्यांची एक होती. निवृत्त व्हायच्या आधी चर्चचं चालू वर्ष शेवटच्या रविवारपर्यंत पुरं करू द्या, एवढीच. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधी चार रविवार आगमनकाळाचे, तिथे ते सुरू होतं आणि पुढच्या नोव्हेंबरात संपतं. अडतीस वर्षं त्यांनी ते दर वेळी शेवटाला नेलं होतं. शेवटचं तेवढं पाच रविवार आधी तुटलं. त्याला कारण माझं एक पत्रक. नेमकं सांगायचं तर त्यातलं एक अक्षर.

रेव्हरंड शांतवन शेळके. डोंबिवली पूर्वेला, केमिकलच्या वसाहतीपासून चालत दहा मिनिटांवर एक बसकं चर्च आहे, तिथले पाळक. मूळचे नगरकडचे. 'पाळक, आणि आडनाव शेळके' हा विनोद ते स्वतःच आधी करून टाकायचे, म्हणजे समोरच्याची सुटका व्हायची. दिसायला पाळक कमी, शाळेतले ड्रॉइंगचे सर जास्त. उंच, खांद्यात वाकलेले, बोटांना कायम शाई. उपासनेचा पांढरा झगा साडीच्या प्लॅस्टिक पिशवीत घडी करून स्कूटरच्या हुकाला अडकवलेला असायचा, कारण सकाळची उपासना डोंबिवलीला झाली की दुपारची पार ठाण्यात, माजिवड्याला, एका शाळेच्या वर्गात. तिथे मुलांच्या बाकात गुडघे न मावणारी वीस-पंचवीस माणसं त्यांची वाट बघत बसलेली असायची. एवढं अंतर स्कूटरवर कापून हे पोचायचे, डोळे चुरचुरत असताना झगा घालायचे आणि बारीक आवाजात म्हणायचे, "प्रिय मंडळी."

कुठलाही उपदेश याच दोन शब्दांनी सुरू. ते शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला काही वाटलं नाही. मंडळी म्हणजे मंडळी, जमलेली माणसं. आपण नाही का म्हणत, चला मंडळी. त्यांच्याकडे हा शब्द किती जड आहे हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्यांदा गेलेले ते हॉल मागायला. आमच्या भागात वसाहतीतल्या एका कारखान्याचा वायू सुटायचा. सडक्या कोबीसारखा वास. आधी घशाला, मग डोळ्यांना. सभा घ्यायची होती आणि सोसायट्या हॉल देत नव्हत्या. पाळकांच्या घराची बेल वाजवली.

"फादर, आम्हाला तुमचा हॉल हवा होता."

"फादर स्टेशनपलीकडच्या चर्चमध्ये," ते म्हणाले. "मला बायको आहे. मी पाळक. हॉल कशाला?"

"वासाविरुद्ध सभा आहे."

त्यांनी नाकाने एकदा हवा ओढून बघितली, जणू मी कशाबद्दल बोलते आहे ते तपासतायत. "मिळेल. त्रैक्यानंतरच्या सहाव्या रविवारी या. उपासना संपली की."

"तारीख सांगा ना."

"तारीख पटकन सापडत नाही मला."

आतून त्यांच्या बायकोचा, शेळकेबाईंचा आवाज आला, "अगं, यांना तारीख विचारू नकोस. आमच्याकडे गॅसचा सिलिंडरसुद्धा लेंटच्या तिसऱ्या रविवारी येतो."

मला वाटलं, टाळतायत. म्हणून हट्टाने पुन्हा विचारलं नाही. कॉलेजातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीकडून काढून घेतलं की त्रैक्याचा रविवार म्हणून एक सण असतो, जूनच्या आसपास, आणि त्याच्यानंतर सगळं मोजत जातात. मी मोजलं. फक्त सणाचा रविवारच पहिला धरला. परिणामी बावीस माणसं, चार पाट्या आणि एक भोंगा घेऊन एक आठवडा आधी पोचले. हॉलमध्ये लग्नाची पंगत बसली होती.

साहेब बाहेर आले. पाट्या वाचल्या. "आज पाचवा," म्हणाले.

मी काही बोलायच्या आत ते मुलीच्या वडलांकडे वळले, "आपलीच मंडळी आहेत. बसवा यांना पण."

'स्वच्छ हवा आमचा हक्क' भिंतीला टेकवून आम्ही तेवीस जणांनी मटण आणि भात खाल्ला. मध्येच तो वास आला. नवरीच्या मावश्या बोलता बोलता उठल्या, खिडक्या लावल्या, बोलता बोलता परत बसल्या. कोणी वासाचं नावसुद्धा काढलं नाही. सवय. या सवयीविरुद्ध मी लढत होते आणि तिथे तीच मला वाढत होती.

तेव्हापासून मी अधूनमधून चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागले. श्रद्धा वगैरे काही नाही. आमचं घर बौद्ध, घरात वंदना होते, देव नाही. आई विचारायची, "चर्चमध्ये काय करतेस गं दर रविवारी?" मी सांगायचे, पत्रकं वाटते. ते खरंही होतं. पण उपदेश संपेपर्यंत थांबायचे, कारण हा माणूस कधीतरी कारखान्याबद्दल बोलेल अशी मला आशा होती. व्यासपीठ आहे, दर आठवड्याला शंभर माणसं गप्प बसून ऐकतात. आम्हाला चौकात दहा माणसं थांबवायला घसा फोडावा लागतो. असं व्यासपीठ मिळून जो बोलत नाही तो गुन्हेगार, असं माझं सरळ मत होतं. मी ते त्यांना सांगितलंही.

"मला नेमलेल्या पाठावर बोलायचं असतं," ते म्हणाले.

त्यांच्याकडे प्रत्येक रविवारचे शास्त्रपाठ आधीच ठरलेले असतात. तीन वर्षांचं चक्र. आज कुठली गोष्ट वाचायची हे पाळकाच्या मनावर नाही. कोणावर राग आला म्हणून रागाची गोष्ट काढता येत नाही. "हे चांगलं आहे," ते म्हणायचे, "नाहीतर मी अडतीस वर्षं माझ्याच आवडीचं बोललो असतो. बिचारी मंडळी."

"पण तीच गोष्ट तीन वर्षांनी परत येते. तेराव्यांदा काय बोलता?"

"तेच. फक्त कमी." हे त्यांनी गमतीने म्हटलेलं नाही. नगरला नवे पाळक असताना त्यांचा उपदेश चाळीस मिनिटांचा असायचा. दर चक्राला घटत गेला. मी ऐकायला लागले तेव्हा बारा मिनिटांवर आला होता. "अशानं एका वाक्यावर येणार मी," ते म्हणायचे, "तेव्हा समजायचं, झालं."

हा थकवा होता की शिस्त, मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असेल. पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या उंच चौथऱ्यावर, टाकायची चार रंगांची कापडं त्यांच्याकडे होती. आगमनाला आणि लेंटला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाला, जांभळं, सणांना पांढरं, ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाला लाल. आणि हिरवं बाकीच्या दिवसांना. बाकीचे म्हणजे जवळजवळ निम्मं वर्ष. जून ते नोव्हेंबर त्या रविवारांना नावंही नाहीत, नुसते आकडे. त्रैक्यानंतरचा सातवा, आठवा, अकरावा. हिरवं कापड त्यामुळे विटलेलं. मी एकदा म्हटलं, आमच्या नाल्याला याहून जास्त रंग आहेत, सोमवारी गुलाबी, गुरुवारी निळा. त्यांना हे फार आवडलं. "म्हणजे त्यांचंही पंचांग आहे," म्हणाले. मग जरा वेळाने, "नाताळला, ईस्टरला कोणीही बोलेल हो. माणसं आधीच आनंदात येतात. चौदाव्या रविवारी उभं राहायचं, पंखा बंद, निम्मी बाकं रिकामी. तिथे कळतं पाळक आहे का नुसता झगा आहे."

हे मी लक्षात ठेवलं, कारण चळवळीतही चौदावे रविवारच जास्त असतात. पण तेव्हा मी हे कबूल केलं नसतं.

कागदाचं सांगायचं राहिलं. साहेब उपदेश लिहून काढायचे, आणि कायम पाठकोऱ्या कागदावर. लग्नपत्रिका, लाइटच्या बिलाची पाठ, मुलांच्या परीक्षेचे उरलेले पेपर. कोरा करकरीत कागद समोर आला की आपण काहीतरी थोर लिहिणार असं वाटतं आणि सगळं बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. आमची पत्रकं एकाच बाजूने छापलेली असतात. मी वाटायला आणलेल्या गठ्ठ्यातली उरलेली ते मागून घ्यायचे.

"वाचता तरी का हो?" मी एकदा विचारलं.

"पुढची बाजू तुमची, मागची माझी," म्हणाले. "दोघांनाही वाचणारे कमीच."

पुलपिटवर मात्र तो कागद ते वाचत नसत. लाकडी स्टँडवर सपाट ठेवायचे, वर डावा तळहात, आणि समोर बघून बोलायचे. त्यांना सगळं पाठ असायचं. कागद उडू नये म्हणून हात ठेवलाय असं वाटायचं. मी वर्षभर बघितलं, एकदाही त्यांनी तो उचलला नाही.

राखेच्या बुधवारी ते गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली राख माणसांच्या कपाळाला लावतात. लेंट त्या दिवशी सुरू होतो. त्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ रांगेत पुढे आले आणि कपाळ पुढे करण्याआधी म्हणाले, "साहेब, सकाळी गाडीवर बोटभर काळी पूड बसली होती. तीच लावून आलो असतो की." रांगेत हशा पिकला. साहेबही हसले, अंगठा राखेत बुडवलेला तसाच ठेवून. "खरं आहे," म्हणाले, "आपल्याकडे रोजच राखेचा बुधवार."

मी संध्याकाळी फोन केला. हे वाक्य मथळ्यासाठी वापरू का?

"वापरा. नाव नको माझं."

घाबरले, असं मी आमच्या ग्रुपवर लिहिलं. आमच्यातल्या एकाने खाली टाकलं, 'अरे ये लोग ऐसे ही हैं, शांती शांती करत बसतात.' मी त्यावर अंगठा दिला. हे इथे नोंदवून ठेवते.

मग फिलिपचं झालं. फिलिप त्याच कारखान्यात ऑपरेटर होता, तिशीच्या आतला, याच चर्चमधला. टाकीजवळ वायूने गुदमरून गेला. कंपनीचं म्हणणं, मास्क लावला नव्हता. आमचं म्हणणं, मास्क नव्हतेच. अंत्यविधीला चर्च भरलेलं. आम्ही दहा-बारा जण काळ्या फिती लावून मागे उभे. मला खात्री होती, आज तरी बोलतील.

साहेब पंख्याबद्दल बोलले. पुलपिटवरचा पंखा दोन वर्षं आवाज करायचा, उपदेश ऐकू यायचा नाही. फिलिप एका शनिवारी शिडी घेऊन आला, तीन तास वर चढून बसला, खाली उतरल्यावर म्हणाला, साहेब, आवाज गेला, पण आता तुमचं सगळं ऐकावं लागणार. त्यानंतर तो रविवारी बाहेर पायरीवर बसायला लागला. एवढंच सांगितलं. माणसं रडता रडता हसली. त्याची आई, सुनंदाबाई, पहिल्या बाकावर होती. ती पण हसली. कारखाना हा शब्द आला नाही.

बाहेर मी त्यांना गाठलंच. "तुम्ही त्यांचं नाव घेतलं नाहीत."

"कोणाचं?"

"तुम्हाला माहितीये कोणाचं. ज्यांनी मारला त्यांचं."

त्यांनी चष्मा काढला, झग्याच्या बाहीला पुसला. "त्याची आई पुढे बसली होती, बाई. तिला एकच नाव ऐकायचं होतं. ते मी अकरा वेळा घेतलं."

मी मोजलं नव्हतं. त्यांनी मोजलं होतं. तरी मी म्हटलं, "याला पळवाट म्हणतात."

"म्हणत असतील," ते म्हणाले आणि सुनंदाबाईंकडे गेले.

यानंतर तीन महिने मी चर्चमध्ये गेले नाही. आम्ही दर रविवारी सकाळी कारखान्याच्या गेटसमोर तासभर पाट्या घेऊन उभं राहायला सुरुवात केली. आधी साठ जण होते. मग तीस. मग पावसाचं कारण, मग सणांचं. ऑगस्टमध्ये सुनंदाबाई एकट्या यायला लागल्या. उपासनेला जायच्या, मग चालत गेटवर यायच्या, फिलिपचा फोटो छातीशी धरून उभ्या राहायच्या. पुढे त्यांच्यासोबत चर्चमधल्या आणखी दोघी. बोलायच्या काही नाहीत. वास आला की पदर नाकाला, फोटो तसाच.

ऑक्टोबरात नवं पत्रक करायचं होतं. ते वाटून निदान शंभर माणसं गेटवर आणायची असं ठरलं. साहेब बाजारात भेटले, हातात मेथीची जुडी. मी अजून रागात होते, पण त्यांनीच विचारलं, किती जण असता हल्ली?

"दहा-बारा. आणि तुमच्या चर्चमधल्या तिघी."

"हो, सुनंदाबाई सांगतात. आमची मंडळी आहेत तुमच्यासोबत. बरं आहे."

मी घरी जाऊन लिहिलं. मथळा तोच, 'इथे रोज राखेचा बुधवार'. खाली मुद्दे. शेवटी, ठळक अक्षरात: 'ख्रिस्ती मंडळी आमच्यासोबत आहे. तुम्ही कधी येणार?'

ते 'आहेत' म्हणाले होते. मी 'आहे' लिहिलं. मुद्दाम नाही. ओळ आटोपशीर दिसावी म्हणून एक त गेला. मला काय माहीत, की त्यांच्यात 'मंडळी आहेत' म्हणजे चार ओळखीची माणसं आहेत, आणि 'मंडळी आहे' म्हणजे अख्खं चर्च, ठरावासकट, सहीशिक्क्यासकट. मंडळी हे त्यांच्या संस्थेचं नाव आहे. मी एका अक्षरात त्यांचं सगळं चर्च आंदोलनात उतरवलं होतं. गठ्ठा नेहमीसारखा चर्चच्या दारातल्या टेबलावर ठेवून आले.

पुढचा रविवार त्रैक्यानंतरचा विसावा. एव्हाना मला मोजता यायला लागलं होतं. मी गेले, मागच्या बाकावर बसले. विटलेलं हिरवं कापड. पाठ एका आंधळ्या माणसाचा होता. साहेब पुलपिटवर चढले, "प्रिय मंडळी" म्हणाले, खिशातून कागद काढला. आणि तो स्टँडवर ठेवलाच नाही. दोन्ही हातांनी धरून चेहऱ्यासमोर उभा धरला, नवशिका विद्यार्थी धडा वाचतो तसा, आणि वाचायला लागले.

मागची बाजू त्यांची. पुढची माझी.

बारा मिनिटं शंभर माणसांच्या समोर 'इथे रोज राखेचा बुधवार' उभा होता. खालची ठळक ओळ चौथ्या बाकापर्यंत आरामात वाचता येत होती. ते आंधळ्याबद्दल बोलत राहिले. कारखान्याचा शब्द नाही. नेमलेल्या पाठाबाहेर एक वाक्य नाही. मी बघत होते, माणसांची डोकी आधी एकमेकांकडे वळली, मग खाली गेली, मग एकेक करून परत वर आली. फिलिपने नीट केलेला पंखा आवाज न करता फिरत होता.

उपासना संपली आणि हॉलमध्ये चर्चचा कारभार बघणारी पंचकमिटी बसली. सेक्रेटरी पाटोळे त्याच कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहेत. वाईट माणूस नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"साहेब, मंडळी आहे म्हणजे काय? ठराव कधी झाला?"

"नाही झाला."

"आपल्या सतरा घरांतली माणसं त्या गेटातून आत जातात. मी जातो. उद्या आम्हाला गेटवर अडवलं तर काय सांगू, पाळकसाहेबांनी कागद वर धरला?"

मी दारात होते. आत शिरले. "चूक माझी आहे. साहेब 'आहेत' म्हणाले होते. मी 'आहे' छापलं. मला फरक माहीत नव्हता. उद्या खुलासा छापते."

पाटोळ्यांनी सुस्कारा सोडला. "झालं तर मग. साहेब, एवढंच सांगा पुढच्या रविवारी. छापण्यात चूक झाली. विषय संपला. पाचच रविवार राहिले तुमचे, आम्हाला तरी तुम्हाला दुखवायचंय का?"

सगळं तिथे संपत होतं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला, लिहायला लाज वाटते, त्यांनी हो म्हणावं असं वाटत होतं. त्या पाच रविवारांची यादी त्यांनी घरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. शेळकेबाईंनीच दाखवली होती मला.

साहेबांनी पत्रक उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून ती ओळ नाकाजवळ नेऊन वाचली. "बसा, बाई," मला म्हणाले. मग पाटोळ्यांना, "व्याकरण बरोबर आहे."

"म्हणजे?"

"मंडळी स्त्रीलिंगी, एकवचनी. मंडळी आहे. चूक नाही काही." आणि थकलेल्या आवाजात, "सुनंदा तिथे उभी राहते ना, पाटोळे. मग मंडळी आहेच तिथे. ठराव तुम्ही सावकाश करा."

ठराव झाला नाही, बिशपसाहेबांच्या ऑफिसला पत्र गेलं. पुढच्या शनिवारी उलट पत्र आलं. पाळकांनी दीर्घ सेवेनंतर विश्रांती घ्यावी, उरलेल्या रविवारांची व्यवस्था केली आहे, डोंबिवलीची आणि माजिवड्याचीही. विश्रांती. आमच्याविरुद्ध लिहितात तेव्हा निदान शिव्या तरी देतात.

मी त्यांच्याकडे गेले, चिडून, नवं पत्रक मनात तयार ठेवून. पाळकावर अन्याय, पाच मुद्दे. शेळकेबाई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. ठाण्यात कोलशेतला मुलीकडे जायचं होतं, एकोणिसाव्या मजल्यावर.

"कशाला पत्रक," साहेब म्हणाले. "पाटोळ्याला त्रास होईल. त्याची मुलगी दहावीला आहे."

"पण तुमचं वर्ष?"

 उत्तर शेळकेबाईंनी दिलं, ताटाला कागद गुंडाळत. "अगं, पहिल्यांदा रविवारी सकाळी नऊ वाजता हे घरात होते. काय करायचं माहीतच नाही यांना. झगा इस्त्री करत बसले."

असे चार रविवार गेले. आमची शंभर माणसं कधी आली नाहीत. त्या पत्रकाचा एवढाच परिणाम झाला, एका म्हाताऱ्याचं व्यासपीठ गेलं. आंदोलनाच्या हिशेबात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. मी गेटवर जात होते, कारण सुनंदाबाई येत होत्या. बाकी काही कारण उरलं नव्हतं.

शेवटच्या रविवारी, आगमनकाळ सुरू व्हायच्या आधीच्या, आम्ही चौदा जण होतो. आमच्या चाळीतल्या तीन बायका, दोन कॉलेजची मुलं, एक निवृत्त पोस्टमन, दोन-चार जुने कार्यकर्ते, सुनंदाबाई आणि त्यांच्या त्या दोघी. रिक्षा थांबली. शेळकेबाई उतरल्या, मागून साहेब. साधा शर्ट-पँट. झग्याची प्लॅस्टिकची पिशवी बाईंच्या हातात होती, पण त्यांनी ती उघडली नाही. कोलशेतहून इतक्या लांब आणलेली, तशीच धरून ठेवली.

"सलाम," साहेब चर्चच्या दारात म्हणायचे तसं सगळ्यांना म्हणाले, आणि सुनंदाबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पाटी दिली तर घेतली नाही. हात मागे बांधून नुसते उभे. सव्वातास.

निघायची वेळ झाली. मी भोंगा त्यांच्यापुढे धरला. मला भीती वाटत होती ते नाही म्हणतील. त्यांनी भोंगा बाजूला केला, पण सरळ उभे राहिले, आणि डावा तळहात पुढे हवेत ठेवला, तिथे स्टँड असावा तसा. गेटच्या आत वॉचमनच्या खोलीशी पाटोळे उभे होते, शिफ्ट बदलायची वेळ होती. ते आत गेले नाहीत, बाहेर आले नाहीत.

"प्रिय मंडळी," साहेब म्हणाले.

आमच्यातला कोणी हसला नाही. चाळीतल्या बायकांनी नकळत पदर सारखे केले. मग वास आला आणि साहेबांना खोकला सुरू झाला. बराच वेळ. शेळकेबाई पुढे झाल्या तर त्यांना हाताने थांबवलं. खोकला बसला तेव्हा आवाज आणखी बारीक झाला होता.

"वर्ष संपलं. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून."

थांबले. आम्ही वाट बघितली. तेवढंच होतं.

माणसं पांगली. सुनंदाबाई फोटो पिशवीत घालत होत्या. मी पाट्या गोळा करत होते, त्यामुळे नीट निरोप घेतला गेला नाही. मान वर केली तेव्हा दोघं रिक्षाकडे चालली होती, शेळकेबाई पुढे, साहेब मागे. रस्त्यावर आमची पत्रकं पडली होती, काहींवर टायर गेलेले. रिक्षात चढताना साहेब खाली वाकले, एक पत्रक उचललं, झटकलं. उलटं करून मागची बाजू कोरी आहे का बघितली. मग चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.